मंगळवारचं धुणं

आमच्या घरातून कुणी बाहेर निघालं तर हात हलवून निरोप द्यायचा नाही. दार उघडतं, माणूस बाहेर पडतो, दार लागतं, संपलं. खिडकीत उभं राहून पाठमोरं बघायचंसुद्धा नाही. इंग्लंडमधल्या हल बंदरातल्या हेसल रोडवर एके काळी घरटी एक तरी पुरुष उत्तरेच्या बर्फाळ समुद्रावर मासे धरायला जायचा, आणि हा नियम तेव्हापासूनचा. हात हलवला की लाट येऊन माणसाला नेते. हिरवं घालायचं नाही, डुकराचं नाव काढायचं नाही, आणि माणूस ज्या दिवशी निघतो त्या दिवशी घरात धुणं काढायचं नाही. कपडा धुतला की माणूस धुऊन जातो. गोदी बंद होऊन तीसेक वर्षं उलटली, बोटी भंगारात गेल्या, पण नियम अजून जागच्या जागी आहेत. त्यांची राखणदार आमच्याच घरात राहते. तिचं नाव आयव्ही.

मी मूळचा हॅलिफॅक्सचा, म्हणजे डोंगरातला. नाव लेन क्रॉथर, धंदा बास गिटार वाजवण्याचा. १९६५ साली या घरातली मागची खोली महिनाभरासाठी म्हणून भाड्याने घेतली ती अजून सोडलेली नाही. घर तेव्हा आयव्हीच्या आईचं होतं, आता आयव्हीचं आहे. चव्वेचाळीस वर्षं मी तिच्या हातचं खातो, तिचा कोळसा आणि नंतर तिचा गॅस भरतो, तिची बोलणी खातो, आणि अजूनही ती शेजारणीला सांगताना मला 'आमचा हॅलिफॅक्सवाला' म्हणते. लग्न मी केलं नाही. दोन गार्बट बहिणी सांभाळताना तिसऱ्या बाईसाठी उसंत कुठून आणणार?

दुसरी गार्बट म्हणजे थेल्मा. आयव्हीपेक्षा तीन वर्षांनी लहान. मी इथे आलो तो तिच्या आवाजासाठी.

थेल्मा पंधराव्या वर्षी मासे कापायच्या कारखान्यात लागली. पायात लाकडी खडावा, डोक्याला फडकं, हात दिवसभर बर्फाच्या पाण्यात. यंत्रांचा एवढा खडखडाट की शेजारणीशी बोलायचं तर ओरडावं लागायचं. बायका बोलण्याऐवजी गायच्या, आणि तिथे ज्या आवाजाने गाणं ऐकू जायचं तो आवाज तिने कमावला. मालवाहू बोटींवरचे खलाशी अमेरिकेतून तबकड्या आणायचे. त्यांतली एक कुणीतरी तिला दिली. कधी न पाहिलेल्या एका काळ्या बाईचं गाणं, धनी निघून गेल्याचं, रडगाणं म्हणावं तर बाई मधूनच हसते. थेल्माने ती तबकडी झिजवली. आयव्हीला ती म्हणाली होती, ही बाई आपल्याच रस्त्यावरची आहे, फक्त तिला कुणी सांगितलेलं नाही.

कामगारांच्या क्लबात गाण्याचे कार्यक्रम ठरवायचे ते स्टॅथर्स. त्यांनी तिला सतराव्या वर्षी रविवारी दुपारी उभी केली, बक्षिसाच्या दोन सोडतींच्या मधल्या रिकाम्या वेळात. गंमत म्हणून त्या दुपारी मी एका मित्राबरोबर तिथे गेलो होतो, ही थाप मी बरीच वर्षं मारली. खरं म्हणजे मी दोन वर्षांनी आलो, तिच्याबद्दल ऐकून. पण इथे जो तो आपण स्वतः त्या दुपारी हजर होतो असं सांगतो, मग मीच का मागे राहू?

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते वर्तमानपत्रांनी लांबण लावून छापून झालंय. आम्ही चौघं, थेल्मा आणि आम्ही तीन वाजवणारे, एका जुन्या पावाच्या गाडीत बसून लंडनला गेलो. तिचं 'तीन दिवस घरी' हे गाणं देशात चौदाव्या नंबरपर्यंत चढलं. तीन आठवडे समुद्रावर असलेला नवरा तीन दिवस घरी येतो आणि त्यातले दोन दारूच्या गुत्त्यात काढतो, तेव्हा त्याची बायको त्याला जे ऐकवते ते गाणं. हेसल रोडवरच्या पुरुषांनी ते मान खाली घालून ऐकलं. मग अमेरिका. बावन्न गावं, एक गळकी बस. शिकागोत एका म्हाताऱ्या पियानोवाल्याने तिला विचारलं, "पोरी, तू कुठल्या कापसाच्या रानातली?" ती म्हणाली, "मी कापसातली नाही काका, मी कॉड माशातली." तो इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. त्या रात्री त्याने तिला स्वतःहून चार गाण्यांना साथ केली.

मग फॅशन बदलली. चकचकीत कपड्यांचा आणि नाचाचा जमाना आला, आणि आम्ही सुट्टीच्या छावण्यांत, सकाळी पोहण्याच्या शर्यती आणि दुपारी थेल्मा गार्बट, अशा पाट्यांवर आलो. ती कधी कुरकुरली नाही. पोहणाऱ्यांनाही गाणं लागतंच, म्हणायची. १९८३ साली ती बोचकं घेऊन आयव्हीच्या दारात उभी राहिली, आयव्हीने 'पाय पूस' एवढंच म्हटलं, आणि तेव्हापासून आम्ही तिघं. नव्वदच्या दशकात जर्मन आणि डच लोकांना आमची आठवण झाली. तिकडे आम्ही दरवर्षी जायला लागलो, आणि तरुण पोरं आमच्या जुन्या तबकड्या घेऊन सह्या मागायला उभी राहायला लागली. म्हातारपण असं गेलं तर तक्रार कसली?

एका गोष्टीत मात्र बाईचा हेका कायम होता. 'तीन दिवस घरी' तिने बाविसाव्या वर्षी ज्या पट्टीत गायलं त्याच पट्टीत ती त्रेसष्टाव्या वर्षी गात होती. तिच्या बरोबरीचे गायक एकेक करून पट्टी उतरवत गेले, आणि ती प्रत्येकाची टिंगल करायची. "निघाले आजोबा जिना उतरायला," म्हणायची. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात एक वरचा सूर आहे. तो तिने एकदाही चुकवला नव्हता.

२००९ च्या उन्हाळ्यात तो सूर फाटला. आधी आम्हाला वाटलं सर्दी असेल. मग बोलतानाही आवाज मधेच गायब व्हायला लागला. तपासणी झाली, घशात स्वरतंतूवर गाठ निघाली. वाईट जातीची नव्हती, एवढं डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, आणि आयव्हीने सुटकेचा निःश्वास टाकला. दुसऱ्या वाक्यात त्यांनी सांगितलं की गाठ काढावी लागेल, नंतर दोन आठवडे एक शब्दही बोलायचा नाही, आणि गाण्याचा आवाज परत येईल की नाही याची खात्री त्या देऊ शकत नाहीत. बोलण्यापुरता येईलच. गाण्यापुरता कदाचित येईल, कदाचित नाही.

बाहेर आल्यावर थेल्मा म्हणाली, "मला गाण्याखेरीज येतं काय? मासे कापायला येतात, तर मासेच राहिले नाहीत." ती हे हसत म्हणाली, पण माझी बाही तिने घरी पोचेपर्यंत सोडली नाही.

शस्त्रक्रियेचा दिवस मंगळवार ठरला. सकाळी आठला टॅक्सी आली. आयव्ही सोबत जाणार होती, मी घरी थांबायचं होतं, कारण हॉस्पिटलात मी नुसता येरझाऱ्या घालतो आणि नर्सना विनोद सांगतो असं आयव्हीचं म्हणणं. नियमाप्रमाणे सगळं झालं. कुणी निरोप घेतला नाही, मी खिडकीत गेलो नाही, दार लागलं.

आणि मी रिकाम्या घरात उरलो. चहा केला, तो प्यालो नाही. गिटारच्या तारा पुसल्या. मग जिन्याखाली थेल्माची कार्यक्रमाची पिशवी दिसली. आत तिचा लाल सदरा, बाहीवर ग्रेव्हीचा हा एवढा डाग. शेवटच्या कार्यक्रमानंतर जेवताना सांडलेला, तसाच राहून गेलेला. सदरा तिचा लाडका. मला वाटलं, परत आल्यावर लागेल, तोवर डाग बसून जायला नको. मी तो घेतला, मागच्या मोरीत नेला, साबण लावून चोळला, पिळला आणि मागच्या अंगणातल्या दोरीवर आयव्हीच्या चिमट्यांनी लटकवला.

दुसऱ्या बाहीला चिमटा लावताना माझ्या लक्षात आलं की मी काय केलंय.

मी हॅलिफॅक्सचा माणूस आहे. या गोष्टींवर माझा विश्वास नाही. चव्वेचाळीस वर्षं मी त्यांची थट्टा करत आलोय. पण त्या अंगणात मी आधी शेजारच्या खिडकीत कुणी आहे का ते पाहिलं. सदरा वाऱ्यावर फडफडत होता, दोन्ही बाह्या वर करून, आणि मी त्याच्यासमोर चोरासारखा उभा होतो. मी तो ओढून काढला, ओलाच इस्त्रीने वाळवला, कपाटात टांगला, मोरी पुसली, चिमटे टोपलीत टाकले. दुपारी आयव्हीचा फोन आला की सगळं व्यवस्थित पार पडलं, थेल्मा झोपली आहे. मी छान छान म्हणालो आणि ताकास तूर लागू दिली नाही.

थेल्मा घरी आली ती तोंडाला कुलूप लावून. गळ्यात दोरीने एक वही अडकवलेली, वहीला पेन्सिल. उभ्या जन्मात जिने मला एक वाक्य पुरं करू दिलं नव्हतं ती बाई आता मुकाट बसून माझी वाक्यं ऐकायची आणि मग त्यांवर लिहून शेरे मारायची. 'हे तू परवा सांगितलंस.' 'तेव्हा गाडी मी चालवत होते, तू झोपला होतास.' आयव्हीला ही शांतता मानवली. तिला पन्नास वर्षांचं बोलून घ्यायचं होतं, ते तिने बोलून घेतलं.

चौथ्या दिवशी आयव्ही बाजारात गेली असताना थेल्माने कपाट उघडलं. सदरा काढला, बाही बघितली, नाकाला लावून वास घेतला. मग वही.

'कुणी धुतला?'

मी म्हणालो मी.

'कधी?'

खोटं बोलायला मला दोन क्षण जास्त लागले, आणि तेवढ्यात ती समजली. मला वाटलं ती हसेल. ती खाली बसली आणि लिहायला लागली. बराच वेळ लिहीत होती, दोन पानं भरली. मी उभाच.

त्यांचे वडील १९५७ च्या फेब्रुवारीत बोटीवर गेले ते परत आले नाहीत, हे मला ठाऊक होतं. रस्त्यावरच्या निम्म्या घरांत तसा एक फोटो भिंतीवर आहेच, त्याबद्दल कुणी विचारत नाही आणि कुणी बोलत नाही. पुढचं मला ठाऊक नव्हतं. ते निघाले त्या सकाळी आई कामावर गेली होती. आयव्ही चौदा वर्षांची. वडिलांनी किनाऱ्यावर घालायचा चांगला सदरा काढून खुर्चीवर टाकला होता. तो तिने धुतला.

'तो दोरीवर मी पाहिला,' थेल्माने लिहिलं होतं, 'आणि मी शेजारच्या बाईंना जाऊन सांगितलं की आमच्या आयव्हीने धुणं काढलंय. मी अकरा वर्षांची होते, मला चहाडी करायला आवडायचं. बोट बुडाल्याची बातमी आली तेव्हा ते रस्ताभर झालं होतं. आई तिला कधी एक शब्द बोलली नाही. कुणीच बोललं नाही. न बोलता सगळ्यांनी तिच्यावर टाकलं, आणि तिने ते घेतलं.'

पान उलटून खाली आणखी होतं.

'माझा आवाज गेला, तर हे धुणं तिला मरेपर्यंत कळता कामा नये. तिच्या मोरीत, तिच्या दोरीवर. ती दुसऱ्यांदा नाही सोसू शकणार. आणि आला, तर तिला कळलंच पाहिजे. पण मी सांगेन तेव्हा.'

मी ते पान फाडून गॅसवर जाळलं. आयव्ही परत आली तेव्हा आम्ही दोघं इतके गुपचूप बसलो होतो की तिने विचारलं, तुम्ही काय फोडलंत.

दोन आठवड्यांनी बोलण्याची परवानगी मिळाली. थेल्मा काय बोलेल याची मी मनात बरीच तयारी करून बसलो होतो. तिने चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, "साखर नाही यात." आवाज खरखरीत होता, जाड होता, पण होता. आयव्हीने साखर टाकली आणि मोरीत जाऊन नळ सोडला, बराच वेळ सोडून ठेवला.

गाणं मात्र येईना. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं थोडं थोडं, रोज दहा मिनिटं, ती मागच्या खोलीत माझ्यासमोर उभी राहायची. खालचे सूर यायचे. मधले अडखळत यायचे. वर गेलं की नुसती हवा. ऑक्टोबर गेला. नोव्हेंबर उजाडला. 'तीन दिवस घरी'चा शेवट आला की तिचं तोंड उघडं आणि आवाज नाही, आणि खाली स्वयंपाकघरात आयव्हीचा भांड्यांचा आवाज थांबलेला. ती ऐकत असायची. मला दोघींकडेही बघवत नसे.

एका दुपारी मी धीर करून म्हटलं, आपण चार पडदे खाली येऊ या. गिटारवर बोटं चार घरं खाली सरकवायची, एवढंच.

"म्हणजे जिना उतरायचा," ती म्हणाली.

"हो."

"मी चाळीस वर्षं लोकांना हसले त्यावरून."

"आता लोक तुला हसतील. फिट्टंफाट होईल."

ती माझ्यावर भडकली. तिने मला बरंच काही ऐकवलं, त्यात माझी आई आणि हॅलिफॅक्स दोन्ही आली. म्हणाली, माझा आवाज तो, तो नसेल तर गाणं बंद, डबक्यात बसून आपण तरंगतोय असं मी सोंग करणार नाही. मी तिला बोलू दिलं. तिची दमछाक झाल्यावर मी फक्त एवढंच म्हटलं की खाली कुणीतरी भांडं हातात धरून उभं आहे.

तिने दाराकडे पाहिलं. मग एकदा खोकून घेतलं, खांदे सैल केले आणि म्हणाली, "चार नको. पाच उतर. उतरायचंच तर पाय टेकू दे."

मी पाच उतरलो. आणि तिने गायलं. मी खरं सांगतो, पहिल्या दोन ओळी मी चुकीच्या तारेवर होतो, कारण माझे डोळे भरले होते. आवाज तोच नव्हता. पूर्वी ती त्या नवऱ्याला दारातून ओरडून सांगायची, आता ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली होती आणि सावकाश, एकेक शब्द तोलून सांगत होती. नवऱ्याची आता धडगत नव्हती. शेवटचा सूर आला. तो उंच नव्हता, पण भरलेला होता आणि तिने तो हवा तेवढा वेळ धरला.

खाली नळ सुटला.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी दुपारी आम्ही क्लबात वाजवलं. आजारानंतरचं पहिलं गाणं मोठ्या हॉलमध्ये किंवा परदेशात गायला तिने नकार दिला होता. स्टॅथर्स आता सत्त्याऐंशीचे, पण माईक अजून त्यांच्याच हातात. रविवारची मांसाची सोडत त्यांनी गाण्याच्या मधोमध घातलीच. "थेल्मा गाणार आहे, जरा दम धरा," ते म्हणाले. "आधी गुलाबी तिकीट, एकशे बेचाळीस. बक्षीस, वळलेल्या शेपटीवाल्याची मांडी." एकशे बेचाळीसवाली बाई ती मांडी काखेत मारून जागेवर गेली आणि मग थेल्माने गायलं.

डॉमिनोवाल्या म्हाताऱ्यांनी सोंगट्या खाली ठेवल्या. हे मी त्या क्लबात चव्वेचाळीस वर्षांत दोनदा पाहिलंय, आणि पहिल्यांदा राणी मेल्याची बातमी आली असं त्यांना वाटलं होतं. गाणं संपल्यावर सगळ्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या. पट्टी उतरवल्याचं एकानेही काढलं नाही. स्टॅथर्स माईकवर म्हणाले, "पोरगी सुधारतेय." माणसं तिच्याभोवती गोळा झाली, कुणी गालाचा मुका घेतंय, कुणी ग्लास पुढे करतंय, आणि ती त्या गर्दीतून वाट काढत आमच्या टेबलाशी आली, घामाने डवरलेली, लाल सदऱ्यात, मला हवी तशी दिसत होती. वाकून तिने माझ्या कानात सांगितलं, "आता सांग तिला." आणि पुन्हा गर्दीत गेली. पळपुटी.

आयव्ही समोर बसली होती, हँडबॅग मांडीवर, बहिणीवरून नजर न हलवता. मी म्हणालो, तो लाल सदरा आहे ना, तो मी धुतला होता. ती मंगळवारी निघाली त्या सकाळी.

आयव्हीने मान वळवली.

"मंगळवारी?"

"मंगळवारी."

"ती निघाल्यावर?"

"टॅक्सी हॉस्पिटलात पोचली असेल नसेल."

"नुसता पाण्यातून काढलास?"

"साबण लावून. ग्रेव्ही होती, दोनदा लावला."

"आणि दोरीवर?"

"दोरीवर. तुझेच चिमटे. चांगला वारा होता."

मला वाटलं आता थप्पड बसते. तिने विचारलं, "कशाला धुतलास?"

"परत आल्यावर लागेल म्हणून," मी म्हणालो. "परत येणारच होती, मग डाग कशाला ठेवायचा?"

आयव्हीने पुन्हा गर्दीकडे पाहिलं. थेल्मा कुणाच्या तरी विनोदावर मान मागे टाकून हसत होती आणि ते हसणं सगळ्या खोलीत ऐकू येत होतं.

"मीही म्हणूनच धुतला होता," आयव्ही म्हणाली. "बाबांचा फिका निळा सदरा. परत आले की पहिल्या दिवशी तोच लागायचा त्यांना. मला वाटलं, तयार असू दे." तिने बॅगेची कडी उघडली, परत लावली. "दुसरं काही नव्हतं रे माझ्या मनात."

मी म्हणालो, मला माहीत आहे.

थेल्मा परत आली आणि तिच्याजवळ बाकावर बसली, अगदी चिकटून. आयव्हीने तिच्या सदऱ्याची ओली बाही दोन बोटांत धरली, आणि धरूनच ठेवली.

"चौदा वर्षांची होते मी, थेल्मा," ती म्हणाली. "केवढीशी असते गं चौदा वर्षांची मुलगी."